कोळंबी-गोबीचे घरगुती मत्स्यालयातील संगोपन

कोळंबी-गोबी हे पिस्तूल कोळंबीच्या बिळात तिच्यासोबत राहणाऱ्या लहान सागरी माशांचे सामूहिक नाव आहे. बिळाच्या तोंडाशी बसून टेहळणी करण्याच्या सवयीमुळे त्यांना *पहारेकरी गोबी* असेही म्हणतात. या सहजीवनात कोळंबी बीळ खणते व त्याची डागडुजी करते, तर मासा शत्रूवर नजर ठेवून तिला सावध करतो. ही वर्तणूक काचेच्या टाकीतही टिकून राहत असल्याने कोळंबी-गोबी सागरी मत्स्यालय राखणाऱ्या हौशी लोकांमध्ये लोकप्रिय आहेत.

आकाराने लहान व स्वभावाने शांत असल्यामुळे हे मासे पाळण्यास सोपे समजले जातात. तथापि त्यांच्या संगोपनात मासा हा सुटा प्राणी म्हणून विचारात घेऊन चालत नाही. मासा, कोळंबी आणि बीळ हे तिन्ही मिळून एक घटक होतो. वाळूची खोली, खडकांची मांडणी, सोबतच्या प्राण्यांची निवड आणि औषधोपचाराची पद्धत या सर्व बाबी बिळाच्या व कोळंबीच्या गरजांवरून ठरतात.

## वर्गीकरण व आढळ

कोळंबी-गोबी हे गोबी माशांच्या गोबिइडी या कुलातील आहेत. गोबी हा सागरी माशांमधील मोठ्या गटांपैकी एक असून त्यात हजाराहून अधिक जाती आहेत. कोकणातील खाड्यांच्या चिखलात आढळणारी व खाल्ली जाणारी निवटी ही याच गणातील आहे. पिस्तूल कोळंबीसोबत राहणाऱ्या गोबींच्या शंभराहून अधिक जाती ज्ञात आहेत. *अँब्लिएलिओट्रिस*, *क्रिप्टोसेंट्रस*, *स्टोनोगोबिऑप्स*, *टेनोगोबिऑप्स* आणि *व्हँडरहॉर्स्टिया* या त्यांतील प्रमुख प्रजाती होत. त्यांची साथ करणाऱ्या कोळंब्या अल्फिइडी कुलातील *अल्फिअस* या प्रजातीत मोडतात.

यांपैकी बहुतेक जाती तांबड्या समुद्रापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंतच्या उष्ण कटिबंधीय पाण्यात, प्रवाळभिंतींलगतच्या वाळूच्या पट्ट्यांत राहतात. अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागात *नेस लाँगस* हा गोबी अशाच प्रकारे पिस्तूल कोळंबीच्या बिळाचा आश्रय घेतो.

## नैसर्गिक सहजीवन

### कोळंबीचे कार्य

पिस्तूल कोळंबीच्या डोळ्यांवर कवचाचे आवरण असते व तिची दृष्टी अधू असते. ती नांग्यांनी वाळू ढकलत बिळाबाहेर आणते आणि शंख-शिंपल्यांचे तुकडे व प्रवाळाचे खडे वापरून बिळाच्या भिंती व छत पक्के करते. सैल वाळू सतत ढासळत असल्यामुळे हे काम दिवसभर चालू राहते.

तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ही नांगी अतिशय वेगाने मिटली की पाण्याची जोरदार धार सुटते व तीत बाष्पाचा बुडबुडा तयार होतो. पिस्तुलासारखा मोठा आवाज नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्यामुळे नव्हे, तर हा बुडबुडा कोसळल्यामुळे होतो, हे इ.स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. बुडबुडा कोसळताना क्षणमात्र प्रकाशही निर्माण होतो, असे पुढच्या वर्षी आढळले. या धारेचा उपयोग भक्ष्याला बधिर करण्यासाठी व प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवण्यासाठी होतो. मोठी नांगी तुटल्यास पुढील कात टाकण्यांच्या वेळी विरुद्ध बाजूची लहान नांगी मोठी होते आणि तुटलेल्या जागी लहान नांगी उगवते.

### माशाचे कार्य

मासा बिळाच्या तोंडाशी राहतो. बाहेर येताना कोळंबी आपली एक लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका जवळ आल्यास मासा शेपटी वेगाने थरथरवतो आणि कोळंबी तत्काळ आत जाते. धोका गंभीर असल्यास मासा स्वतःच डोके पुढे करून बिळात शिरतो व त्यामागोमाग कोळंबीही नाहीशी होते. तोंडाशी मासा नसेल तर कोळंबी सहसा बाहेर पडत नाही. रात्री दोघेही बिळात असतात. त्या काळात बिळाचे तोंड अनेकदा वाळूने बुजते व सकाळी ते पुन्हा उघडले जाते.

या व्यवहारात माशाला आश्रय मिळतो आणि कोळंबीला सुरक्षितपणे खणण्याची व अन्न शोधण्याची संधी मिळते. माशाची विष्ठा हेही कोळंबीचे एक खाद्य असल्याचे अलीकडील अभ्यासात आढळले आहे.

### अभ्यासाचा इतिहास

जर्मन संशोधक वोल्फगांग लुथर यांनी इ.स. १९५८ मध्ये तांबड्या समुद्रातील अशा जोडीचे वर्णन प्रसिद्ध केले. इस्रायली प्राणिशास्त्रज्ञ इलान कारप्लुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९७२ मध्ये कृत्रिम बिळांचा उपयोग करून मासा व कोळंबी यांच्या वर्तनाचा अभ्यास मांडला. जोडी जुळताना मासा मुख्यतः दृष्टीच्या आधारे, तर कोळंबी मुख्यतः पाण्यातील गंधाच्या आधारे साथीदार ओळखते, असे या प्रकारच्या प्रयोगांतून दिसून आले. मत्स्यालयात नव्या जोडीला वेळ का द्यावा लागतो, हे त्यावरून समजते.

## पाळल्या जाणाऱ्या जाती

मत्स्यालयाच्या व्यापारात पुढील जाती नेहमी आढळतात :

* पिवळा पहारेकरी गोबी (*क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस*) : लांबी सुमारे ८ ते १० सेंटीमीटर. शरीर पिवळे व त्यावर बारीक निळसर ठिपके. करड्या-तपकिरी रंगाचे मासेही याच जातीत असतात. ही जात काटक असून नवशिक्यांसाठी योग्य मानली जाते.
* रँडलचा गोबी (*अँब्लिएलिओट्रिस रँडली*) : पांढऱ्या शरीरावर नारिंगी आडवे पट्टे आणि पाठीवरील उंच, पंख्यासारख्या परावर डोळ्यासारखा काळा ठिपका. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांच्या नावावरून या जातीचे नाव ठेवले गेले.
* ठिपक्यांचा गोबी (*अँब्लिएलिओट्रिस गुट्टाटा*) : फिकट शरीरावर नारिंगी ठिपके. लांबी सुमारे १० सेंटीमीटर.
* तुरेवाला गोबी (*स्टोनोगोबिऑप्स नेमॅटोडिस*) : काळे तिरपे पट्टे, पिवळे डोके व पाठीवर उंच काळा तुरा. लांबी सुमारे ५ ते ६ सेंटीमीटर.
* याशा गोबी (*स्टोनोगोबिऑप्स याशा*) : पांढऱ्या अंगावर लाल-नारिंगी पट्टे. या जातीचे शास्त्रीय वर्णन इ.स. २००१ मध्ये झाले.

कोळंब्यांपैकी *अल्फिअस बेल्युलस* ही व्याघ्र-पिस्तूल कोळंबी सर्वाधिक प्रचलित आहे. तिची लांबी ४ ते ५ सेंटीमीटरपर्यंत असते आणि ती निरनिराळ्या जातींच्या गोबींना स्वीकारते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची *अल्फिअस रँडली* ही अधिक लहान व नाजूक असून *स्टोनोगोबिऑप्स* प्रजातीतील माशांसोबत तिची जोडी चांगली जमते. या कोळंबीचे नावही जॉन रँडल यांच्यावरूनच पडले आहे.

प्रत्येक पिस्तूल कोळंबी गोबीसोबत राहत नाही. खडकांच्या भेगांत लपून टाकीत आलेल्या कोळंब्या बहुधा अशा सहजीवनातील नसतात आणि त्यांच्यापासून लहान माशांना इजा होऊ शकते. केवळ नांगीच्या आवाजावरून कोळंबी योग्य जातीची आहे असे समजता येत नाही.

## मत्स्यालयाची रचना

### टाकी व पाणी

लहान जातींच्या एका जोडीसाठी किमान ७५ लिटरची, तर *अँब्लिएलिओट्रिस* किंवा *क्रिप्टोसेंट्रस* यांच्यासाठी सुमारे १०० लिटर वा त्याहून मोठी टाकी वापरतात. हे मासे तळाशी राहत असल्यामुळे उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ आणि सामू ८.१ ते ८.४ या मर्यादेत ठेवतात. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असावे लागते. माशांच्या उत्सर्जनातील अमोनियाचे नायट्राइटमध्ये व त्यापुढे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू नव्या टाकीत पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत त्यात प्राणी सोडत नाहीत.

बाष्पीभवनात पाणी उडून जाते, पण मीठ मागे राहते; म्हणून घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, तर शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याने भरून काढतात. लवणतेतील अचानक बदल माशापेक्षा कोळंबीला अधिक बाधतो.

### वाळू व खडक

वाळू ही या मत्स्यालयातील सर्वांत महत्त्वाची सामग्री होय. तिचा थर ५ ते १० सेंटीमीटर जाड ठेवतात. एकसारखी बारीक वाळू लगेच ढासळते आणि केवळ जाड खडी कोळंबीला हलवता येत नाही. म्हणून बारीक वाळूत निरनिराळ्या आकारांचे प्रवाळखडे व शिंपल्यांचे तुकडे मिसळतात. कोळंबी त्यांतून हवे ते तुकडे निवडून छताला आधार देते.

खडक वाळूवर न ठेवता थेट टाकीच्या तळावर किंवा तळाला टेकलेल्या पीव्हीसी नळ्यांच्या आधारावर ठेवणे आवश्यक असते. वाळूवर ठेवलेल्या खडकाखाली कोळंबी खणत गेली की त्याचा आधार सुटतो. असा खडक कोसळल्यास बिळातील दोन्ही प्राणी चिरडले जाऊ शकतात आणि टाकीची काच फुटण्याचीही शक्यता असते. त्यामुळे प्रथम खडक बसवून ते हलत नाहीत याची खात्री केली जाते व नंतर वाळू ओतली जाते.

एखाद्या सपाट खडकाखाली २ ते ३ सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीचा तुकडा अर्धवट पुरून ठेवल्यास कोळंबीला बिळाची सुरुवात मिळते. पुढे ती आपल्या सोयीनुसार बोगदे वाढवते आणि कधीकधी बिळाचे तोंडच दुसरीकडे नेते. वाळूवर ठेवलेली प्रवाळे तिने उपसलेल्या वाळूखाली गाडली जातात, तर प्रवाळांचे लहान तुकडे ती बांधकामासाठी ओढून नेते. म्हणून प्रवाळे खडकांवर उंच जागी चिकटवतात.

### झाकण

घाबरलेला कोळंबी-गोबी पाण्याबाहेर उडी मारतो. आश्रय नसलेल्या नव्या माशांत हे विशेष आढळते आणि उघड्या टाकीतील मृत्यूंचे ते एक प्रमुख कारण आहे. टाकीवर बारीक जाळीचे झाकण असावे लागते. नळ्या व तारांसाठी ठेवलेल्या फटीही बंद कराव्या लागतात. जाळीमुळे हवा खेळती राहते व पाणी कमी तापते.

## जोडी जुळवणे

निसर्गात एकत्र राहत असलेली जोडी एकत्रच पकडून आणलेली असेल तर ती टाकीत सहज स्थिरावते. परंतु बहुतेकदा मासा व कोळंबी स्वतंत्रपणे विकले जातात आणि त्यांची जोडी टाकीत नव्याने जुळावी लागते.

दोन्ही प्राण्यांना नव्या पाण्याची सवय करून देण्यासाठी टाकीतील पाणी बारीक नळीने थेंबाथेंबाने त्यांच्या भांड्यात सोडतात. प्रथम कोळंबी सोडून तिला काही दिवस बीळ खणू देणे आणि नंतर मासा सोडणे हा प्रचलित क्रम आहे. त्या वेळी दिवे बंद ठेवतात. रुंद पारदर्शक नळीचे टोक बिळाजवळ टेकवून मासा त्यातून अलगद खाली सोडला, तर तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला पळून जाण्याची शक्यता कमी होते.

काही जोड्या तासाभरात जमतात, तर काहींना अनेक आठवडे लागतात. या काळात खडक हलवून बीळ शोधणे हानिकारक ठरते, कारण त्यामुळे बीळ कोसळते व दोघांनाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. काही मासे कोळंबीशिवाय खडकाखालच्या पोकळीतही राहतात व टिकतात. मात्र ते अधिक बुजरे होतात आणि अन्नासाठी कमी वेळा बाहेर येतात.

एकाच जातीचे दोन मासे जोडी नसल्यास लहान टाकीत भांडतात व दुर्बळ मासा बिळाबाहेर हाकलला जातो. नर-मादीतील फरक बहुतेक जातींत सहज दिसत नाही. त्यामुळे आधीच जमलेली जोडी न मिळाल्यास एकच मासा ठेवणे योग्य मानतात.

## आहार

कोळंबी-गोबी मांसाहारी आहेत. *अँब्लिएलिओट्रिस* व *क्रिप्टोसेंट्रस* यांतील बरेच मासे तळाजवळ लहान कवचधारी जीव टिपतात, तर *स्टोनोगोबिऑप्स* बिळावर तरंगत प्रवाहातील प्लवक खातात. मत्स्यालयात त्यांना गोठवलेले मायसिस व आर्टेमिया, तसेच बारीक चिरलेली कोळंबी किंवा शिंपल्यांचे मांस दिवसातून एक-दोनदा थोड्या प्रमाणात देतात.

हे मासे बिळापासून फार दूर जात नाहीत. वरून टाकलेले अन्न चपळ मासे मधल्यामध्ये संपवतात आणि टाकीत भरपूर अन्न पडत असूनही गोबी उपाशी राहू शकतो. म्हणून लांब ड्रॉपरने अन्न थेट बिळाच्या तोंडाशी सोडतात. खोलगट पोट व डोक्यामागे आक्रसलेली पाठ ही उपासमारीची लक्षणे होत.

कोळंबी सेंद्रिय गाळ, शैवाल व मांसाचे कण खाते. मासा अन्नाचा तुकडा बिळात नेऊन टाकतो व कोळंबी तो खाते, असेही मत्स्यालयांत पाहिले गेले आहे. जोडी जुळलेली नसताना मात्र बुडणाऱ्या खाद्याची गोळी बिळाच्या तोंडाशी ठेवून कोळंबीला वेगळे अन्न द्यावे लागते.

## सोबतचे प्राणी

क्लाउनफिश, लहान कार्डिनलफिश आणि फायरफिश यांसारखे शांत मासे कोळंबी-गोबीसोबत ठेवता येतात. गोबर, लायनफिश, ट्रिगरफिश, हॉकफिश व मोठे रॅस यांच्यापासून कोळंबीला आणि अनेकदा गोबीलाही धोका असतो. आक्रमक डॉटीबॅक मासे गोबीला सतत बिळात कोंडून ठेवतात. अशा वेळी उघड जखम नसतानाही तो अन्नावाचून खंगत जातो.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सर कोळंबी व पिस्तूल कोळंबी यांच्यात झटापट होऊ शकते. पिस्तूल कोळंबी लहान गोगलगायी व शंखखेकडे मारते किंवा बांधकामाचे साहित्य म्हणून बिळात ओढून नेते. त्यामुळे अत्यंत लहान कोळंब्या तिच्यासोबत ठेवत नाहीत.

## आजार व सामान्य अडचणी

सागरी माशांना होणारे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार व मखमली आजार हे दोन्ही परजीवीजन्य रोग कोळंबी-गोबींनाही होतात. पहिल्याचे कारण *क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स* व दुसऱ्याचे *अ‍ॅमिलोऊडिनियम ओसेलाटम* हा एकपेशीय जीव आहे. त्यांवर तांब्याच्या क्षारांचा उपचार केला जातो. परंतु तांबे कोळंबी व प्रवाळे यांना मारक असल्यामुळे ते मुख्य टाकीत वापरता येत नाही.

आजारी मासा बिळातून पकडणे बीळ उद्ध्वस्त केल्याशिवाय बहुधा शक्य होत नाही. म्हणून नवा मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे विलगीकरणाच्या टाकीत ठेवणे हाच व्यवहार्य उपाय असतो. त्या टाकीत वाळू नसली तरी लपण्यासाठी नळीचे तुकडे द्यावे लागतात.

कोळंबी दर काही आठवड्यांनी कात टाकते. बिळाबाहेर पडलेली रिकामी कात हुबेहूब मृत कोळंबीसारखी दिसते. ती पोकळ व अर्धपारदर्शक असते. कात टाकल्यावर नवे कवच कठीण होईपर्यंत कोळंबी बिळातच राहते. मासा व कोळंबी काही दिवस न दिसणे हेही सामान्य आहे. प्राणी मेल्याची शंका आल्यास वाळू उकरण्याऐवजी प्रथम अमोनियाची चाचणी करतात. अमोनिया शून्य असेल आणि बिळाचे तोंड रोज बदलत असेल तर कोळंबी जिवंत असते.

## प्रजनन

मादी बिळाच्या आतील भागात अंडी घालते व नर त्यांची राखण करतो. अंड्यांतून बाहेर पडलेल्या डिंभांचे जीवन प्रवाहासोबत तरंगत जाते. ते इतके लहान असतात की त्यांना सूक्ष्म जिवंत प्लवक पुरवावे लागते. त्यामुळे घरगुती टाकीत त्यांची वाढ क्वचितच होते. पिवळ्या पहारेकरी गोबीची व्यावसायिक पैदास झाली आहे. बाजारातील इतर बहुतेक जातींचे मासे आजही समुद्रातून पकडून आणले जातात.

## मासेमारी व भारतातील स्थिती

शोभिवंत सागरी माशांचा पुरवठा मोठ्या प्रमाणात इंडोनेशिया व फिलिपिन्स येथून होतो. तेथे काही ठिकाणी मासे पकडण्यासाठी सायनाइडचा बेकायदेशीर वापर झाला असून त्यामुळे मासे व प्रवाळे या दोहोंची हानी होते. कोळंबी-गोबीच्या बाबतीत आणखी एक नुकसान संभवते : मासा पकडला गेला आणि कोळंबी मागे राहिली, तर तिला दिवसा बाहेर पडण्यासाठी नवा पहारेकरी मिळेपर्यंत थांबावे लागते. या कारणांमुळे पैदास केलेले मासे किंवा एकत्र पकडलेली जोडी घेणे श्रेयस्कर मानले जाते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत इ.स. २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे किनाऱ्यावरून वा बेटांवरून प्रवाळे किंवा प्रवाळयुक्त खडक गोळा करणे व विकणे गुन्हा ठरतो. त्याऐवजी सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरता येतात. त्यांच्या छिद्रांत उपयुक्त जीवाणू वाढू शकतात.

मुंबई व कोकणात उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने पाणी थंड ठेवण्यासाठी चिलर किंवा पंख्यांची गरज भासते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याची उणीव बंदिस्त बिळात लवकर जाणवते. वीज खंडित होण्याच्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवतात. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असू शकते आणि पावसाळ्यात त्याची लवणता घटते; त्यामुळे शुद्ध पाण्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवून तयार केलेले पाणी अधिक भरवशाचे ठरते.